गुडघे सरळ

माझ्या ताईचा नवरा पगारी मजेवाला आहे. हे मी चेष्टेने म्हणत नाही. त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर 'मजा विभाग' असं चक्क छापलेलं आहे. शहराच्या टोकाला पाळणे, घसरगुंड्या, भुताचं घर वगैरे असलेलं एक मोठं पार्क आहे आणि त्यात लहान मुलांची आगगाडी आहे. ती आमचे भावोजी चालवतात. इंजिन मुलांच्या मापाचं आणि भावोजी दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढे उंच. त्यामुळे गुडघे हनुवटीपाशी आणून, स्वतःची घडी घालून ते त्यात दिवसभर बसतात आणि शहरातल्या पोरांना मजा पुरवतात. घरी येतात तेव्हा तीच मजा चेहऱ्यावर इतकी ओसंडत असते की ताई आधी पाण्याचा पेला पुढे करते आणि मग जपून बोलायला सुरुवात करते.

या गाडीला एक अट आहे. पार्कातल्या बाकी सगळ्या ठिकाणी उंची कमी असून चालत नाही, इथे जास्त असून चालत नाही. वाटेत एक बोगदा आहे, त्याचं छत खाली आहे आणि एखादं लांब पोरगं मधेच उठून उभं राहिलं तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून फाटकापाशी एक लाकडी जिराफ उभा केलाय. त्याच्या मानेवर लाल पट्टी. डोकं पट्टीच्या खाली असेल तर आत, वर गेलं तर बाहेर. आता पोरं ती पोरं. पट्टी ओलांडलेली पोरं जिराफापुढे आली की हळूच गुडघ्यात वाकतात आणि चेहरा असा ठेवतात, जणू जन्मापासून आपण एवढेच आहोत. शेजारी आई असते, "आत्ताच घरून मोजून आणलंय" म्हणायला. फाटकावरचा माणूस डोकी बघतो. गुडघे बघायचं काम भावोजींचं. इंजिनाला एक आरसा आहे, त्यात बघून, मान न वळवता ते ओरडतात, "गुडघे सरळ!" आणि रांगेतलं एखादं पोरगं उभ्या उभ्या चार बोटं वाढतं. पार्कात सगळे त्यांना गुडघेमास्तर म्हणतात. भावोजींना ती पदवी वाटते.

असा हा करारी माणूस घरी आला की मात्र त्याच्याकडे एकच शब्द असतो. बघू. नवा पंखा घ्यायचा? बघू. मुलांच्या शाळेत पालकांची सभा आहे, येणार ना? बघू. 'नाही' म्हणायला जीभ वळत नाही आणि 'हो' म्हटलं तर करावं लागतं, त्यापेक्षा बघू बरं. ताईने लग्नानंतर थोड्याच दिवसांत या शब्दाचा अर्थ ओळखला आणि विचारणंच सोडून दिलं. मुलांना अजून आशा होती.

मुलं दोन. मोठीला सगळे मोठी म्हणतात आणि धाकट्याला धाकटा. आमच्या घरात कल्पनाशक्तीची टंचाई जुनीच आहे. मोठीला बोलता यायला लागल्यापासून तिचं एकच मागणं, "बाबा, मला तुमच्या गाडीत बसवा." त्यावर भावोजींचं ठरलेलं, "बघू. गर्दी कमी झाली की." गर्दी कधी कमी होते? शाळा चालू असते तेव्हा. शाळा चालू असते तेव्हा मोठी कुठे असते? शाळेत. सुट्ट्या लागल्या की सगळं शहर आपापली पोरं घेऊन पार्कात लोटतं आणि भावोजींना रजा सोडा, पाणी प्यायला सवड नसते. मोठीच्या वर्गातली झाडून सगळी पोरं त्या गाडीत बसून आली. आल्यावर वर्गात बाकावर उभं राहून "गुडघे सरळ!" अशी नक्कलही करून झाली. हिला सांगायला काही नव्हतं, म्हणून ही हसायची. मध्यंतरी तिने अचानक दूध बंद केलं. ताईला वाटलं, पोटाचं काही असेल. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि टॉनिक लिहून दिलं. त्या टॉनिकच्या बाटलीवर उंच होत जाणाऱ्या मुलांचं चित्र होतं.

अशात पार्कात नवे साहेब आले. कुठलं तरी शिबिर करून आले होते बहुतेक, कारण आल्या आल्या त्यांना शोध लागला की जगाला आनंद विकणारे कर्मचारी स्वतः आनंदी दिसत नाहीत. पगार वाढवणं किंवा इंजिनातली सीट बदलणं असले किरकोळ उपाय त्यांना सुचले नाहीत. त्यांनी योजना काढली. प्रत्येक कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा शनिवार-रविवार सुट्टी, तीही कुटुंबासोबत मजा करण्यासाठी, आणि पुरावा म्हणून हसऱ्या कुटुंबाचा एक फोटो आणून द्यायचा. तो कार्यालयाच्या भिंतीवर लागणार. पहिल्याच फेरीत भावोजींचा नंबर लागला.

ताईने लगेच मला फोन केला. "तू शुक्रवारी रात्रीच राहायला ये. प्लॅनिंग करायचंय."

"तुम्ही चौघं जाणार ना? मी कशाला?"

"पिशव्या कोण धरणार?"

मी दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते आणि माझं लग्न झालेलं नाही. या दोन गोष्टींवरून आमच्या घरच्यांनी असं ठरवलंय की मला शनिवार-रविवार नसतातच. गेले. ताईने जेवणाच्या टेबलावर सगळं शहर मांडून ठेवलं होतं. शेजारीण म्हणाली होती, मत्स्यालय चुकवू नका. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली होती, मुलांना विज्ञान केंद्रात न्या, काहीतरी शिकतील. इंटरनेटवर कोणी एक बाई होती, जिची तीन मुलं प्रत्येक फोटोत इस्त्री केलेल्या कपड्यांत खिदळत होती. तिचं म्हणणं, मजा ही आधी आखावी लागते. ताईने आखली. शनिवारी मत्स्यालय, मग मॉल. रविवारी बोट, मग विज्ञान केंद्र. मधे श्वास घ्यायला जागा दिसली तिथे तिने बाग घातली.

"तुला कुठे जायचंय?" मी मोठीला विचारलं.

मोठीने बाबांकडे पाहिलं. भावोजी नव्या शर्टाच्या कॉलरमधली टाचणी शोधत होते.

शनिवारी आम्ही मजा करायला निघालो. मत्स्यालयाबाहेरची रांग कोपरा वळून पलीकडच्या औषधांच्या दुकानापर्यंत गेली होती. मजेसाठी लावलेली रांग हुबेहूब आमच्या दवाखान्यातल्या रांगेसारखी दिसते. फरक एवढाच की दवाखान्यात लोक दुखतंय म्हणून कबूल तरी करतात. इथे सगळे एकमेकांना "मजा येतेय ना?" विचारत होते. धाकट्याने पहिल्यांदा पाणी मागितलं, मग शू, मग पुन्हा पाणी. भावोजींना मात्र रांग दिसल्यावर तरतरी आली. लोखंडी कठड्यावर रेललेल्या परक्या पोराला ते म्हणाले, "हात आत ठेव बाळा. मागे सरक. एकामागे एक."

पोराचा बाप वळला. "तुम्ही इथे कामाला आहात का?"

"नाही, मी सुट्टीवर आहे."

"मग सुट्टी घ्या ना," तो म्हणाला. ताई दुसरीकडे बघायला लागली.

आत मासे होते. मोठा मासा दगडामागे झोपला होता आणि लोक त्याच्या शेपटीचे फोटो काढत होते. धाकट्याला सगळ्या मत्स्यालयात आवडला तो पाण्याचा नळ. ताईने सगळ्यांना एका काचेपुढे उभं केलं आणि फोन माझ्या हातात दिला. "हसा," मी म्हटलं. भावोजी हसले. म्हणजे दात दाखवले. रोज दात बघण्यातच माझं आयुष्य चाललंय, त्या अनुभवावरून सांगते, ते हसू नव्हतं. पंधरावीस फोटो काढून झाल्यावर एकात सगळ्यांचे डोळे उघडे सापडले आणि ताईचा जीव भांड्यात पडला.

मग मॉल. तिथल्या गुळगुळीत फरशीवरून एक खेळण्यातली आगगाडी फिरत होती, रंगीत दिव्यांची, कर्कश गाणं वाजवणारी. तिचा ड्रायव्हर एका हाताने गाडी वळवत दुसऱ्या हातातल्या फोनवर काहीतरी बघत होता. भावोजी थबकले. त्यांच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या.

"घंटा न वाजवता वळला," ते म्हणाले. "बघितलंत? घंटा नाही."

"तुमची मुलं बसवा आधी," ताई म्हणाली. "तेवढाच एक फोटो होईल."

धाकटा पळतच जाऊन बसला. मोठी जागची हलली नाही.

"मला नकोय ही."

"अगं, आगगाडीच आहे ना? इतके दिवस गाडी गाडी करत होतीस."

"ही आगगाडी नाहीये. हिला रबरी चाकं आहेत."

क्षणभर भावोजींचा चेहरा असा फुलला की मी फोटो काढायला हवा होता. पण मी तोंड उघडलं. "मग कुठली हवी गं तुला?"

"बाबांची."

आणि भावोजी सवयीने म्हणाले, "बघू."

मोठी तशी समंजस आहे. चारचौघांत आवाज चढवणारी नाही. त्या दिवशी तिने चढवला. "तुम्ही नेहमी बघू म्हणता आणि बघत नाही! सगळे बसले. माझा सगळा वर्ग बसला. मी दूधसुद्धा सोडलं होतं, तरी वाढले. आता जिराफ मला घेणारच नाही!"

आजूबाजूचे लोक पॉपकॉर्न खाता खाता थांबले. ताईचा हात तोंडावर गेला. दुधाचं कोडं तिला तेव्हा सुटलं. भावोजी लेकीकडे बघत राहिले. ते बापाचं बघणं नव्हतं, कामावरचं होतं. दिवसभर पोरांची उंची बघणाऱ्या माणसाला मोजपट्टी लागत नाही. त्यांची नजर तिच्या डोक्यावर गेली, तिथे थांबली, आणि त्यांचा चेहरा उतरला. पट्टी ओलांडली होती पोरीने. फार नाही, बोटभर. त्यांनी तिला रोज पाहिलं होतं, पण ते घरी यायचे तेव्हा ती बहुतेक आडवी, झोपलेली असायची.

परतीच्या बसमध्ये दोन्ही मुलं खिडकीपाशी पेंगली. भावोजी दांड्याला धरून उभे होते. बऱ्याच वेळाने त्यांनी ताईला विचारलं, "ही एवढी कधी वाढली?"

ताई दिवसभर चालून दमली होती. तिने फार विचार केला नाही. "शनिवार-रविवारी," ती म्हणाली.

 मला भावोजींची कीव आली आणि ताईचा जराही राग आला नाही.

रविवारी सकाळी ताईने बोटीसाठी टोप्या, टॉवेल आणि उलटीच्या गोळ्या काढून ठेवल्या होत्या. भावोजी दाढी करून बाहेर आले आणि म्हणाले, "बोट नको. पार्कात जाऊ."

"कुठल्या पार्कात?"

"आपल्या."

"अहो, वर्षाची एक सुट्टी, ती पण कामावर घालवायची? साहेब काय म्हणतील?"

"बघू," भावोजी म्हणाले. आणि मग, जन्मात पहिल्यांदा, त्यांनी तो शब्द मागे घेतला आणि दुसरा काढला. "जायचं. आत्ता."

मोठीने टाळ्या पिटल्या नाहीत. ती गुपचूप आतल्या खोलीत गेली आणि बाहेर आली ती घोट्यापर्यंत लांब फ्रॉक घालून. कुठल्याशा समारंभासाठी शिवलेला तो जाड, टोचणारा फ्रॉक तिने एकदा घालून पुन्हा कधीही न घालण्याची शपथ घेतली होती. रोज डोक्यावर उंच बांधलेले केस आज मानेपाशी चापून बसवले होते.

"हा फ्रॉक? पार्कात?" ताई म्हणाली. "उकडून मरशील."

"मला हाच आवडतो," मोठी म्हणाली. गुडघेमास्तरांची लेक होती ती. आईच्या तोंडून पार्कातल्या पोरांच्या लबाड्यांचे किस्से ऐकूनच वाढली होती. मी पिशव्या उचलल्या आणि गप्प बसले.

पार्कात त्या दिवशी गाडीवर बदलीचा माणूस होता. एरवी पॉपकॉर्नच्या गाडीवर असतो, त्यामुळे इंजिनात बसून त्याचे पाय झोपले होते. भावोजी त्याला म्हणाले, "एक फेरी मी मारतो. तू चहा घेऊन ये." वाक्य पुरं व्हायच्या आत तो चहाच्या दिशेने दिसेनासा झाला. भावोजींनी नव्या शर्टाच्या बाह्या वर केल्या, इंजिनात उतरले, घडी घातली, आरसा पुसला. मत्स्यालयात जो माणूस आम्ही घेऊन फिरत होतो, तो बहुधा दुसराच कोणी होता.

आम्ही रांगेत. आमच्या पुढे एक मुलगा होता आणि त्याची आई. मुलगा जिराफापुढे उभा राहिला, डोकं पट्टीच्या खाली, चेहऱ्यावर साधुत्व.

"गुडघे सरळ!" इंजिनातून आवाज आला.

मुलगा वाढला. फाटकावरच्या माणसाने मान हलवली. "एवढ्याशा गाडीचा केवढा तो तोरा," त्याची आई म्हणाली आणि मुलाला बाजूला घेऊन तिथेच कठड्याशी उभी राहिली. हा माणूस स्वतःच्या पोरीलाही "गुडघे सरळ" म्हणायला कमी करणार नाही, याची मला खात्री होती. असल्या प्रामाणिक माणसांचा घरच्यांना फार त्रास असतो.

धाकटा सहज आत गेला. मोठी पुढे झाली. जिराफाला पाठ लावून उभी राहिली. डोकं बरोबर लाल पट्टीच्या खाली. घरून निघताना घोट्याशी असलेला फ्रॉक आता जमिनीवर लोळत होता. फाटकावरचा माणूस भावोजींचा जुना सोबती, त्याने ह्या पोरीचा फोटो भावोजींच्या पाकिटात कितीदा तरी पाहिला असेल. त्याने तिचं डोकं पाहिलं, मग फ्रॉकची लोळणारी कड पाहिली, मग इंजिनाकडे पाहिलं. मोठीने डोळे मिटून घेतले होते.

"मास्तर," तो म्हणाला, "गुडघे बघू का?"

भावोजींना आरशात सगळं दिसत होतं. मला त्यांचे डोळे आरशात दिसत होते. ते मोठीच्या फ्रॉकवर होते. मग त्यांनी हात वर केला, आरसा धरला आणि आभाळाकडे फिरवला.

"नको बघूस," ते म्हणाले.

फाटक उघडलं. कठड्याशी उभी असलेली ती आई अर्थातच आंधळी नव्हती. "अहो, माझ्या मुलाला काढलंत, आणि ही..." तिच्या मुलावर अन्याय झाला होता, मी नाकारत नाही. पण मी सगळ्या पिशव्यांसकट तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. "अहो बाई, मी दातांच्या दवाखान्यात असते. तुमच्या मुलाचा पुढचा दात कधी दाखवलात का कुणाला? जरा तोंड उघड रे बाळा." ती घाबरून मुलाच्या तोंडात बघायला लागली. दात उत्तम होता. आणलेल्या पिशव्यांचा त्या दोन दिवसांत तेवढाच उपयोग झाला.

"पहिल्या डब्यात बस," भावोजी लेकीला म्हणाले. "माझ्या मागे. बोगदा आला की मान खाली. मी सांगेन तेव्हा. वर करायची नाही."

"हो."

"नक्की?"

"हो, बाबा."

घंटा वाजली. गाडी निघाली, तळ्याला वळसा घालून, प्लास्टिकच्या हत्तीच्या पोटाखालून. बोगद्याच्या तोंडाशी भावोजी ओरडले, "मान खाली!" इतक्या मोठ्याने ओरडले की पलीकडच्या पाळण्यातल्यांनीसुद्धा माना खाली घातल्या. गाडी बाहेर आली तेव्हा मी फोटो काढला. पुढे इंजिनात भावोजी, गुडघे हनुवटीपाशी. मागे पहिल्या डब्यात मोठी, अगदी तशीच, गुडघे हनुवटीपाशी घेऊन, मान खाली. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय, पण जवळ आल्यावर कळलं की हसतेय. धाकटा तिच्या शेजारी नळ शोधत होता.

तो फोटो साहेबांनी परत पाठवला. चेहरे दिसत नाहीत, आणि कुटुंब बाहेर फिरायला गेल्यासारखं वाटत नाही, असा शेरा आला. भिंतीवर माशाच्या काचेपुढचा फोटो लागलाय, दात दाखवणारा. खाली लिहिलंय, 'हसरं कुटुंब'.

पण ते नंतरचं. त्या दिवशी फेरी संपली, मुलं उतरली, बदलीवाला चहा संपवून आला आणि भावोजींना उठता येईना. रोजचे दुखरे गुडघे, त्यात शनिवारभर मॉलची फरशी तुडवलेली. इंजिनाच्या कडेला धरून ते अर्धवट उठले आणि तिथेच अडकले. बदलीवाला हात द्यायला पुढे झाला, पण त्याच्या आधी मोठी पोचली. आता ती लपूनछपून नव्हती, चांगली ताठ उभी होती, जिराफाच्या पट्टीच्या वर, आणि फाटकावरचा माणूस मुद्दाम तळ्यातली बदकं बघत होता.

"बाबा," ती म्हणाली, "गुडघे सरळ."

भावोजींनी तिच्या खांद्यावर हात टेकला आणि उभे राहिले. खांदा बरोबर हाताशी आला होता.